उरलेले आणि राखलेले : व्हरमाँट राज्यातील ऐतिहासिक घरे व गावे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य कोपऱ्यातील सहा राज्ये न्यू इंग्लंड या नावाने ओळखली जातात. त्यांपैकी समुद्रकिनारा नसलेले एकमेव राज्य म्हणजे व्हरमाँट. पूर्वेस कनेक्टिकट नदी, पश्चिमेस शँप्लेन सरोवर, उत्तरेस कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि मध्यभागी दक्षिणोत्तर गेलेली ग्रीन पर्वतांची रांग अशी या राज्याची ठेवण आहे. क्षेत्रफळ सुमारे २४,९०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २०२० च्या गणनेप्रमाणे ६,४३,०७७. त्याच गणनेप्रमाणे राज्यातील जवळजवळ ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. हे प्रमाण अमेरिकेतील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. माँटपीलिअर ही राजधानी जेमतेम आठ हजार वस्तीची असून देशातील सर्व राज्यांच्या राजधान्यांत सर्वांत लहान आहे.

अशा या लहान राज्याकडे ऐतिहासिक वास्तूंच्या अभ्यासकांचे लक्ष विशेष वेधले जाते. मधोमध हिरवे मैदान, त्याच्या कडेला उंच मनोऱ्याचे पांढरे प्रार्थनामंदिर, आडव्या फळ्यांच्या भिंतींची पांढरी घरे, ओढ्यावर छप्पर घातलेला लाकडी पूल, हे न्यू इंग्लंडच्या खेड्याचे चित्र जगभर परिचित झाले आहे. ते आजही प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर लोक व्हरमाँटमध्ये जातात. हे सारे पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे की, येथील लोकांना आपल्या पूर्वजांच्या वास्तूंविषयी असाधारण आदर असला पाहिजे आणि म्हणूनच त्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या असल्या पाहिजेत.

ही समजूत अगदीच निराधार नाही. परंतु ती घटनाक्रम उलटा करते. या वास्तू प्रथम उरल्या आणि मग राखल्या गेल्या. त्या उरल्या त्या आदरामुळे नव्हे, तर प्रामुख्याने आर्थिक उतारामुळे. आणि पुढे जेव्हा त्या जाणीवपूर्वक राखावयाचे ठरले, तेव्हा काय राखावे व काय राखू नये याची निवड त्या काळच्या गरजांनी आणि ग्रहांनी केली. 'उरलेले' आणि 'राखलेले' यांतील हा भेद स्पष्ट करणे, आणि वास्तूचा पुरावा वाचताना तो का विसरता येत नाही हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समृद्धीचा अल्पकाळ

आज आपण ज्याला जुने खेडे म्हणतो ते वाटते तितके जुने नाही. अठराव्या शतकात येथे आलेले वसाहतकार आपापल्या शेतांवर विखरून राहत असत. मैदानाभोवती दाटीने वसलेले खेडे हे मुख्यतः १७९० ते १८३० या काळातील व्यापाराचे अपत्य होय. दुकानदार, वकील, वैद्य, लोहार आणि गिरणीवाले रस्त्यांच्या तिठ्यावर अथवा पाण्याची शक्ती मिळेल अशा ओढ्याकाठी एकत्र आले व खेडी आकारास आली. घरांचा पांढरा रंगही प्रारंभापासूनचा नव्हे. आरंभीची अनेक घरे रंगाविना असत किंवा गडद रंगांनी रंगविलेली असत. ग्रीक देवळांची आठवण देणाऱ्या स्तंभांची आणि त्रिकोणी दर्शनी भागांची शैली १८२० नंतर रूढ झाली आणि तिच्याबरोबर पांढरा रंग सर्वत्र पसरला.

या बांधकामास पैसा पुरविला तो मुख्यतः मेंढ्यांनी. विल्यम जार्व्हिस हा लिस्बन येथे अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. त्याने १८११ साली वेदर्सफील्ड येथील आपल्या शेतावर स्पेनमधील मेरिनो जातीच्या मेंढ्या आणल्या. त्यांची लोकर तलम आणि तिला गिरण्यांची मागणी मोठी. पुढील तीन दशकांत डोंगरउतारांवरील जंगल तोडून कुरणे करण्यात आली आणि शेतांतून निघालेल्या धोंड्यांचे बांध मैलोगणती रचले गेले. १८४० च्या सुमारास राज्यात माणसे २,९१,९४८ आणि मेंढ्या सुमारे १७ लक्ष होत्या. म्हणजे माणशी जवळजवळ सहा मेंढ्या. आज पर्यटक ज्या देखण्या घरांसमोर थांबतात त्यांपैकी पुष्कळ घरांचा पाया या लोकरीच्या पैशावर घातलेला आहे.

ओहोटी

ही समृद्धी टिकली नाही. डोंगरावरील माती पातळ आणि जंगल गेल्यावर ती झपाट्याने वाहून गेली. १८२५ साली ईरी कालवा खुला झाल्यावर पश्चिमेकडील सपाट व सुपीक जमिनीची वाट सोपी झाली. १८४६ साली लोकरीवरील आयातकर उतरला. रेल्वे आली ती व्हरमाँटचा माल बाहेर नेण्यास उपयोगी पडली हे खरे. पण पश्चिमेची स्वस्त लोकर बाजारात आणण्यास ती अधिक उपयोगी पडली. मेंढ्यांची जागा हळूहळू दुभत्या गाईंनी घेतली, पण उंचावरील शेते त्या धंद्यास फारशी योग्य नव्हती. ती ओस पडू लागली.

लोकसंख्येचे आकडे या ओहोटीची साक्ष देतात. १८५० साली व्हरमाँटची लोकसंख्या ३,१४,१२० होती. १९५० साली ती ३,७७,७४७ झाली. म्हणजे शंभर वर्षांत एकपंचमांश वाढ! याच शतकात संयुक्त संस्थानांची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३२ लक्षांवरून १५ कोटींवर गेली. १८६० च्या सुमारास व्हरमाँटमध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक अन्य राज्यांत राहत होते. लोखंडी नांगराऐवजी पोलादी नांगर रूढ करणारा जॉन डीअर रटलंडचा. लिंकनचा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस ब्रँडनचा. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ शॅरनचा आणि त्या पंथाला यूटापर्यंत नेणारा ब्रिगम यंग व्हिटिंगमचा. हे सारे येथे जन्मले आणि त्यांचे कर्तृत्व मात्र अन्यत्र घडले. शॅरन येथे जोसेफ स्मिथच्या जन्मस्थानी १९०५ साली ग्रॅनाइटचा एक स्तंभ उभारला गेला. त्याची उंची साडेअडतीस फूट आहे, कारण स्मिथ साडेअडतीस वर्षे जगला आणि आयुष्याच्या प्रत्येक वर्षास एक फूट असा हिशेब धरला गेला. राज्यातील कित्येक स्मारके अशी निघून गेलेल्यांची स्मारके आहेत.

वास्तूंच्या दृष्टीने या ओहोटीचा परिणाम विलक्षण झाला. जुनी घरे पाडून नवी बांधावयास पैसा लागतो, आणि तसे करावयास कारणही लागते. जेथे वस्ती वाढते, जमिनीचे भाव चढतात, तेथे जुन्या घराचा टिकाव लागणे कठीण. व्हरमाँटमध्ये यांपैकी काही घडले नाही. आजोबांनी बांधलेल्या घरात नातू राहिला, कारण दुसरे बांधण्याची त्याची ऐपत नव्हती. लाकडी पुलांवरील छप्पर तुळयांना पावसाबर्फापासून वाचवीत असे, आणि पूल चांगला असताना नवा बांधण्यास गावाजवळ निधी नसे. असे सुमारे शंभर पूल राज्यात आजही आहेत. दारिद्र्य हा वास्तूंचा फार चांगला रखवालदार असतो, असे म्हणावे लागते. मात्र त्या रखवालीची किंमत त्या घरांत राहणाऱ्यांनी दिलेली असते.

विंडसर : एका गावातील तीन वास्तू

वरील विधान एका गावाच्या उदाहरणाने पडताळून पाहता येईल. कनेक्टिकट नदीकाठच्या विंडसर गावात तीन महत्त्वाच्या वास्तू आहेत. पहिली एक खानावळ. १७७७ च्या जुलै महिन्यात एलायजा वेस्टच्या या खानावळीत प्रतिनिधी जमले आणि त्यांनी व्हरमाँटची राज्यघटना संमत केली. १७९१ साली चौदावे राज्य म्हणून संघात सामील होईपर्यंत व्हरमाँट हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते. या घटनेने प्रौढ व्यक्तींची गुलामगिरी निषिद्ध ठरविली. उत्तर अमेरिकेतील राज्यघटनांत असे कलम प्रथम येथेच आले. मात्र निषेधास वयाची मर्यादा होती: पुरुषास एकवीस वर्षे व स्त्रीस अठरा. शिवाय त्याची अंमलबजावणी सर्वत्र झाली असेही नाही. या कलमातील पळवाट बुजविणारी दुरुस्ती मतदारांनी संमत केली ती २०२२ साली. अशी ही कीर्ती असूनही ही इमारत एकोणिसाव्या शतकात दुकाने व गोदाम यांसारख्या किरकोळ उपयोगांत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती दुसऱ्या जागी हलवून दुरुस्त करण्यात आली, तेव्हा कुठे ती स्मारक झाली.

दुसरी वास्तू म्हणजे रॉबिन्स व लॉरेन्स यांचा १८४६ साली बांधलेला शस्त्रांचा कारखाना. येथे बंदुकीचे भाग यंत्रांवर इतक्या काटेकोर मापाने तयार होत की, एका बंदुकीचा भाग दुसरीत चपखल बसे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात या रायफली मांडल्या गेल्या. पुढे ब्रिटिश सरकारने या कारखान्याकडून यंत्रे विकत घेऊन एनफील्ड येथील आपल्या शस्त्रशाळेत बसविली. हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावाच्या इतिहासात ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांचे नाव येते, त्याच नमुन्याची रायफल पुढे या यंत्रांवर तयार होऊ लागली. हा उद्योग बुडाल्यावर इमारत सूतगिरणी व इतर कामांसाठी वापरात राहिली. १९६६ साली तेथे यंत्रावजारांचे संग्रहालय सुरू झाले.

तिसरी वास्तू नदीवरील १८६६ चा लाकडी पूल. सुमारे ४५० फूट लांबीचा हा पूल विंडसरला पलीकडच्या न्यू हॅम्पशर राज्यातील कॉर्निश गावाशी जोडतो. नदीचे पात्र कायद्याने न्यू हॅम्पशरचे असल्याने पूलही त्याच राज्याचा. या तीन वास्तूंत घटना, उद्योग आणि दळणवळण असे तीन विषय एकत्र आले आहेत. परंतु तिन्हींच्या टिकण्याचे कारण एकच आहे. त्यांना स्मारक म्हणून मान मिळण्यापूर्वी त्या दीर्घकाळ कोणत्या ना कोणत्या साध्या कामी येत राहिल्या, आणि त्यांच्या जागेवर डोळा ठेवणारे दुसरे कोणी नव्हते.

दोन घरे, एक प्रश्न

ओस पडणाऱ्या डोंगरांनी काही माणसांना विचार करावयास लावले. त्यांपैकी दोघांची घरे आज जतन केलेली आहेत. स्ट्रॅफर्ड येथील लोहाराचा मुलगा जस्टिन मॉरिल याने दुकानदारीत पैसा मिळविला आणि १८४८ नंतर आपल्या गावी गॉथिक धर्तीचे, गुलाबी रंगाचे एक लाकडी घर स्वतः योजून बांधले. परिस्थितीमुळे त्याला स्वतःला महाविद्यालयात जाता आले नव्हते. काँग्रेसचा सभासद झाल्यावर त्याने मांडलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी सही केली. प्रत्येक राज्यास काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी आणि तिच्या विक्रीतून शेतकी व यांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये चालवावीत, अशी ती योजना होती. भारतात १९६० साली पंतनगर येथे आणि महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी येथे कृषी विद्यापीठे निघाली, त्यांच्या रचनेमागे याच अमेरिकन विद्यापीठांचा आदर्श होता. स्ट्रॅफर्डच्या त्या घराशी आपला असा दूरचा पण खरा संबंध पोचतो. मात्र जी 'सरकारी' जमीन विकून हे शिक्षण उभे राहिले, तिचा मोठा भाग मूळ रहिवाशांकडून तह करून किंवा बळजबरीने घेतलेला होता, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे घर वुडस्टॉक येथील. जॉर्ज पर्किन्स मार्श १८०१ साली वुडस्टॉक येथे जन्मला आणि वडिलांनी १८०५ च्या सुमारास बांधलेल्या या घरात वाढला. लहानपणी त्याने भोवतालचे डोंगर उघडे पडताना पाहिले, ओढे पावसाळी पुराने फुगताना व उन्हाळ्यात आटताना पाहिले. पुढे राजदूत म्हणून तुर्कस्तान व इटलीत राहिल्यावर भूमध्य समुद्राभोवतीच्या ओसाड प्रदेशांत त्याला आपल्याच गावचे भविष्य दिसले. 'मॅन अँड नेचर' हा त्याचा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या हातून निसर्गाची होणारी हानी तपशीलवार मांडणारा हा आरंभीचा मोठा ग्रंथ होय. १८६९ साली हे घर फ्रेडरिक बिलिंग्ज याने घेतले. कॅलिफोर्नियात वकिलीवर संपत्ती मिळवून परतलेल्या या व्हरमाँटकराने उघड्या डोंगरावर झाडे लावली व आदर्श गोशाळा उभारली. १९९२ साली या मालमत्तेस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याचा सुमारे तीनचतुर्थांश भूभाग वृक्षहीन होता. आज तितकाच भाग वनाच्छादित आहे. दाट जंगलातून चालताना मध्येच धोंड्यांचा बांध आडवा येतो. कुरणाची ती हद्द होती. ओसाड शेताचे याहून प्रामाणिक स्मारक दुसरे नसेल, पण त्यावर कोठे फलक लावलेला नसतो.

उरलेल्याचे राखलेले कसे झाले

१८९० च्या सुमारास राज्यातील अधिकाऱ्यांना ओस शेतांची चिंता वाटू लागली. स्वीडनमधून काही कुटुंबे आणून वसविण्याचा प्रयोग झाला. तो फारसा फळला नाही. मग शहरांतील सुखवस्तू लोकांना उन्हाळी घरांसाठी ही शेते विकावीत, असा विचार पुढे आला. १९३२ साली राज्य शासनाने लेखिका डॉरोथी कॅनफील्ड फिशर यांच्याकडून या घरांची माहिती देणारी पुस्तिकाही लिहून घेतली. बाहेरून आलेल्यांना जुने घर हवे होते ते त्याच्या जुनेपणासाठी. येथे वास्तूच्या इतिहासाला एक वळण मिळाले. ज्या घराची त्याच्या मालकाला लाज वाटत असे, त्याच घराला आता त्याच्या वयामुळे किंमत आली.

बाहेरून आलेल्यांपैकी सर्वांत विख्यात गृहस्थ मुंबईत जन्मलेले होते. रडयर्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईस झाला. त्यांचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. पत्नी कॅरोलाइन ब्रॅटलबरोची असल्याने ते १८९२ साली तेथे आले आणि पुढील वर्षी डमरस्टन येथे डोंगराच्या कुशीत त्यांनी एक लांबट, जहाजासारखे घर बांधले. त्यास 'नौलखा' असे नाव दिले. मराठी वाचकास त्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या मेहुण्यासह लिहिलेल्या कादंबरीचे नाव देताना इंग्रजी अक्षरांची जी चूक झाली होती ती घराच्या नावात सुधारली गेली. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या अरण्यातील मोगलीच्या कथा याच घराच्या आसपास, बर्फाच्या सान्निध्यात लिहिल्या गेल्या. दुसऱ्या एका मेहुण्याशी भांडण होऊन १८९६ साली किपलिंग कुटुंबाने घर सोडले. पुढे अनेक दशके ते रिकामेच होते, आणि म्हणूनच त्यातील सामानसुमानासह ते जवळजवळ जसेच्या तसे उरले. १९९० नंतर एका न्यासाने ते दुरुस्त केले. ऐतिहासिक म्हणून मान्यता पावलेले हे घर स्थानिक शेतकऱ्याचे नव्हते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच्या उलट प्लिमथ नॉच. येथे १८७२ साली राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज जन्मले. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कूलिज वडिलांच्या घरी होते. ३ ऑगस्ट १९२३ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या वडिलांनी मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. दुकान, चर्च, पनीरसदृश चीज करण्याचा कारखाना आणि काही घरे एवढीच ही वस्ती. १९५६ साली कूलिज यांचे घर राज्याकडे आले आणि पुढे जवळजवळ सारे खेडे जतन करण्यात आले. येथे घर, जागा आणि घटना यांची सांगड तुटलेली नाही. फेअरफील्ड येथे मात्र वेगळे घडले. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या बालपणाचे म्हणून दाखविले जाणारे घर १९५३ साली नव्याने बांधलेली प्रतिकृती आहे. शेल्बर्न येथे इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या संग्रहालयात तर निरनिराळ्या ठिकाणांहून उचलून आणलेल्या इमारती आहेत, आणि १९५५ साली सरोवरातून जमिनीवर ओढून आणलेली 'टिकॉन्डरोगा' ही आगबोटही आहे. वस्तू खरी पण जागा बदललेली, जागा खरी पण वस्तू नवी, आणि दोन्ही खऱ्या, असे हे तीन प्रकार. अभ्यासकाने प्रत्येकास वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत.

जे राखले गेले नाही

निवडीची दुसरी बाजू म्हणजे वगळणे. या भूमीत दहा हजार वर्षांहून अधिक काळ मानवी वस्ती आहे. अबेनाकी लोकांची घरे लाकूड व सालींची. ती टिकणे शक्यच नव्हते. बेलोज फॉल्स येथे नदीकाठच्या खडकांवर कोरलेले मानवी चेहरे हा त्यांच्या पूर्ववास्तव्याचा एक दृश्य पुरावा. 'जुने म्हणजे १७६० नंतरचे' अशी व्याख्या केली की हे सारे आपोआप बाहेर राहते.

ही व्याख्या निरुपद्रवी नव्हती. जुन्या खेड्यांचे कौतुक वाढत असतानाच १९२५ साली व्हरमाँट विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री पर्किन्स यांनी सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली राज्यातील कुटुंबांची पाहणी सुरू केली. जुन्या वसाहतकारांचा 'वंश' क्षीण होत आहे, अशी त्यामागील धारणा होती. गरीब, अपंग, फ्रेंच-कॅनेडियन व अबेनाकी वंशाचे लोक या पाहणीच्या कचाट्यात सापडले. १९३१ साली राज्याने निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी ग्रामीण जीवनाविषयीच्या एका आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या आयोगाच्या स्थापनेतही पर्किन्स यांचा पुढाकार होता. खेडी जपावी आणि खेड्यातील 'योग्य' माणसे जपावी, या दोन कल्पना तेव्हा एकाच मेजावर मांडल्या गेल्या. विधिमंडळाने याबद्दल क्षमा मागितली ती २०२१ साली. विद्यापीठात बसून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावे असे आहे.

गेल्या काही दशकांत ही यादी रुंदावली आहे. बॅरी येथे ग्रॅनाइटच्या खाणी व पाथरवटांच्या शाळा आहेत. इटलीतून आलेल्या पाथरवटांनी १९०० साली तेथे श्रमिकांचे सभागृह बांधले. १९१२ साली मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे गिरणीकामगारांचा संप झाला, तेव्हा संपवाल्यांच्या काही मुलांना या गावाने आसरा दिला. बंद शेडमधील दगडाच्या धुळीने अनेक कारागीर फुफ्फुसांच्या विकाराने अकाली मेले; त्यांच्या सुंदर कबरी त्यांच्याच बांधवांनी कोरल्या. हे सभागृहही पुढे भाजीपाल्याची वखार म्हणून उरले आणि १९९५ नंतर सोडवून घेतले गेले. २००० साली त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

फेरिसबर्ग येथील रोकबी हे क्वेकर पंथीय रॉबिन्सन कुटुंबाचे मेंढपाळीचे शेत. १७९३ ते १९६१ पर्यंत चार पिढ्या तेथे राहिल्या. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना येथे आश्रय मिळे. लोककथेत अशा घरांना गुप्त खोल्या आणि भुयारे असतात. रोकबीच्या वेगळेपणाचे कारण घराच्या भिंतींत नसून कुटुंबाने ठेवलेल्या हजारो पत्रांत आहे. त्या पत्रांवरून दिसते की, येथे आलेली माणसे लपून बसलेली नव्हती. ती शेतावर उघडपणे काम करीत. १८३७ सालच्या पत्रव्यवहारात जेसी नावाचा एक जण आपल्या मजुरीतून पैसे साठवून नॉर्थ कॅरोलायनातील मालकाकडून स्वतःची मुक्तता विकत घेऊ पाहतो, आणि घरमालक त्याच्या वतीने लिहितो. केवळ वास्तू पाहून आपण तळघर शोधले असते. कागदाने आपल्याला माणूस दाखविला.

आजची स्थिती

द्रुतगतिमार्ग आले आणि १९६० नंतर व्हरमाँटची शतकभराची स्थिरता मोडली. १९६० ते १९७० या दहा वर्षांत लोकसंख्या ३,८९,८८१ वरून ४,४४,७३२ वर गेली. जे आपोआप उरत होते ते यापुढे कायद्याने राखावे लागणार हे उघड झाले. १९६८ साली रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांवर बंदी आली. १९७० साली 'अॅक्ट २५०' या नावाने प्रसिद्ध असलेला भूमिवापराचा कायदा झाला. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय न्यासाने १९९३ साली, आणि पुन्हा २००४ साली, धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत सबंध व्हरमाँट राज्याचे नाव घातले. मोठमोठ्या विक्रीकेंद्रांमुळे गावांतील पेठा मोडतील, अशी ती भीती होती.

निसर्गाचे संकट निराळे. गावे ओढ्याकाठी वसली ती पाणचक्क्यांसाठी. तेच पाणी त्यांच्यावर उलटते. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात ८४ माणसे गेली व १,२८५ पूल वाहून गेले. २८ ऑगस्ट २०११ च्या वादळी पुरात बार्टन्सव्हिलचा १८७० चा लाकडी पूल गेला. गावाने तो पूर्वीच्याच धर्तीवर उभारून २०१३ साली खुला केला. जुलै २०२३ मध्ये माँटपीलिअरची जुनी पेठ पाण्याखाली गेली. घराचा सांगाडा उचलून उंच करावा, गाव वर न्यावे की आहे तेथेच दरवेळी पुन्हा उभारावे, या प्रश्नाचे उत्तर वास्तुशास्त्र एकटे देऊ शकत नाही.

याशिवाय एक प्रश्न जतनाच्या यशातूनच निर्माण झाला आहे. राज्यातील घरांपैकी उन्हाळी व सुटीतील घरांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कितीतरी अधिक आहे. गाव देखणे राहिले तसे त्यातील घर महाग झाले, आणि गावच्या शिक्षकाला किंवा गवंड्याला तेथे राहणे परवडेनासे झाले. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेत बसून स्वतःचे अंदाजपत्रक स्वतः मंजूर करणे ही येथील जुनी रीत. त्या सभेस माणसे उरली नाहीत, तर पांढऱ्या सभागृहाचा काय उपयोग?

समारोप

येथवरच्या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, एखाद्या प्रदेशात जुन्या वास्तू विपुल आहेत एवढ्यावरून तेथील लोकांच्या इतिहासप्रेमाचे अनुमान काढू नये. त्याआधी लोकसंख्येचे व जमिनीच्या किमतीचे आकडे पाहावेत. दुसरी ही की, प्रत्येक स्मारकाच्या दोन तारखा असतात: ते बांधले गेले ती आणि ते स्मारक ठरले ती. पहिली तारीख फलकावर असते. दुसरी शोधावी लागते, आणि तीच पुष्कळदा अधिक बोलकी असते. तिसरी ही की, उरलेल्या वास्तूंवरून गतकाळाचे चित्र रेखाटताना न उरलेल्यांची जागा रिकामी ठेवावी. ती कल्पनेने भरू नये आणि ती नव्हतीच असेही समजू नये.

व्हरमाँटच्या माणसांनी या वास्तू वाचविल्या हे खरेच आहे. परंतु त्या आधी शंभर वर्षे कोणी ना कोणी त्या गळक्या छपराखाली, दुसरा इलाज नाही म्हणून, राहिले होते. त्या माणसांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. संशोधकाचे काम बहुधा तेथून सुरू होते.